चेण्याला पळालेलं घर

मी आयुष्यात एकच घर बांधलं आणि ते पळून गेलं.

घर तसं लहानच. खाली दोन चाकं, वर प्लायवूडची खोली, आत दोन माणसांची गादी, आणि मागचं झाकण उचललं की इटुकला ओटा. गाडीच्या मागे जोडायचं आणि वाटेल तिथे मुक्काम ठोकायचा! परदेशात लोक असले ट्रेलर घेऊन जंगलं आणि वाळवंटं पालथी घालतात, हे मी फोनवर पाहिलं आणि मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कामाला लागले. (जंगल, वाळवंट पुढचं पुढे. आधी सोसायटीच्या गेटबाहेर पडू, म्हटलं.)

सुतारकामाचा माझा अनुभव विचाराल तर शून्य. मी विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे क्लेम तपासते. 'हँडब्रेक ओढायला विसरलो', 'मागे बघितलंच नाही', असली कारणं दिवसभर वाचायची आणि डबा खाताना मैत्रिणींना म्हणायचं, "माणसं अशी कशी गं असतात?"

माझा नवरा मिलिंद मात्र अत्यंत सावध. दूध तापवतानाही चष्मा लावतो. ट्रेलरचा बेत ऐकून तो एवढंच म्हणाला, "आपण हॉटेलात राहिलो तर?"

पण मला हॉटेल नको होतं. कारण होत्या आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. गिरगावातून मीरा रोडला येऊन इतकी वर्षं झाली, तरी चर्चगेटला जायचं असलं की "मुंबईला जाऊन येते" म्हणतात, जणू व्हिसा लागतो! सासरे गेल्यापासून मात्र मुंबई नाही, नाशिक नाही, सख्ख्या बहिणीकडेही रात्रीचा मुक्काम नाही. विचारलं की एकच उत्तर, "मला माझ्या अंथरुणाशिवाय झोप लागत नाही." मग मी ठरवलं, अंथरूण, पांघरूण, भिंती, छप्पर सगळंच बरोबर न्यायचं. बघू आता काय कारण सांगतात!

खालचा लोखंडी सांगाडा आणि चाकं भाईंदरला एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली. सरकारी कागदही झाले. (त्यात माझे जे केस पांढरे झाले, ते वेगळे.) वरचं लाकूडकाम माझं. रविवार आला की मी जुना पंजाबी ड्रेस आणि डोक्याला ओढणी अशा अवतारात करवत घेऊन खाली उतरायचे आणि बिल्डिंगमध्ये अफवा वर चढायच्या. पहिल्या मजल्यावर बातमी होती, गणपतीचं मखर. तिसऱ्यावर तेच कोंबड्यांचं खुराडं झालं. सातव्यावर पोचेपर्यंत मी पाणीपुरीचा स्टॉल टाकणार हे नक्की झालं होतं.

सेक्रेटरी शहाभाई तातडीने आले. "वैशालीबेन, सोसायटी में धंदा अलाउड नहीं है, हां!"

"धंदा नहीं, शहाभाई. घर है."

"घर तो ऊपर है ना आपका?"

"हां, पर वो चलता नहीं."

शहाभाईंनी माझ्याकडे आणि मग मिलिंदकडे अशा नजरेने पाहिलं की मिलिंद लगेच म्हणाला, "मेरा कुछ नहीं है इसमें."

छपराचा बाक काढताना तर कहर झाला. पातळ प्लाय वाकवायचा तर ओल्या फडक्यात गुंडाळून हळूहळू दाबायचा असतो. घरातल्या सगळ्यात लांब फडक्यात मी तो गुंडाळला. आई गॅलरीतून ओरडल्या, "वैशाली! ती माझी नेसती साडी आहे!" मी दचकून वर पाहिलं, हातातला दाब सुटला, आणि फळी अशी काही उसळली की साडी उडून शहाभाईंच्या स्कूटरवर बसली, तीसुद्धा आरसा घेऊन! (आरसा मी बदलून दिला. साडीचं अजून ऐकते.)

पण एका रविवारी पॉलिशचा शेवटचा हात मारला, फडकं खाली ठेवलं आणि जरा लांब जाऊन उभी राहिले. पार्किंगमधल्या त्या मळकट उजेडात लाकूड मधासारखं चमकत होतं. छपराचा बाक पाण्याच्या थेंबासारखा पुढून मागे ओघळत गेला होता. हे मी केलं? करवत उलटी धरणाऱ्या बाईने? शहाभाई आत डोकावले, आणि डोकावण्याआधी त्यांनी नकळत चपला काढल्या!

आई खाली आल्या. लाकडावरून हात फिरवत म्हणाल्या, "हे तू केलंस?"

"हो, अहो आई."

"विकत नाही ना आणलंस?"

लग्न झाल्यापासून त्यांनी केलेलं हे माझं सगळ्यात मोठं कौतुक. त्याच भरात मी म्हटलं, "मग येणार ना? चेण्याला, नदीकाठी. मिलिंदच्या मित्राची जागा आहे. एकच रात्र." आईंनी आत वाकून गादी दाबून बघितली. मग म्हणाल्या, "चादरी धुतलेल्या घे."

निघायच्या दिवशी सकाळी मी घराला कुलूप लावून धावत खाली आले. गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरची वाटी बसवायची, वरून कडी अडकवायची आणि जोडीला एक साखळी. वाटी मी बसवून ठेवली होती. मिलिंदने गाडीतून विचारलं, "कडी लावलीस ना नीट?"

"लावली! दोनदा ओढून बघितली."

मी घराच्या दाराबद्दल बोलत होते.

तो ट्रेलरबद्दल विचारत होता.

आणि साखळी? तिला गंज लागू नये म्हणून मी रंग दिला होता, आणि ती वर गॅलरीत वाळत होती.

काशीमिऱ्याच्या पुढे चहाला थांबलो. मिलिंद ऑफिसच्या फोनवर, मी टपरीवर बिस्किटं घेत होते. चहा पिऊन परत आले तर मागच्या सीटवर आईंची शाल डोक्यापासून पायापर्यंत पांघरलेली. मी ओठांवर बोट ठेवलं. "शू! झोपल्यात. सावकाश चालव." मिलिंदने फोन ठेवला आणि आम्ही कुजबुजत पुढे निघालो. मला इतकं भरून आलं! कुठे अंथरुणाचा हट्ट, आणि कुठे गाडीत बसल्या बसल्या लागलेली ही गाढ झोप!

हायवे सोडून चेण्याच्या आतल्या रस्त्याला लागलो. एक लहानसा चढ, त्यावर एक गतिरोधक. गाडी टुणकन उडाली आणि एकदम हलकी झाली.

"काय मस्त पिकअप घेतला!" मिलिंद कुजबुजला. थोडं पुढे गेल्यावर त्याने आरशात पाहिलं. "वैशू, ट्रेलर कुठाय?"

"मागे."

"मागे नाहीये."

"हळू बोल, आई उठतील."

"अगं, मी हळूच बोलतोय. पण ट्रेलर नाहीये!"

मी मागे वळले. रस्ता रिकामा! इतक्या रविवारांची मेहनत गेली कुठे? तरी मी स्वतःची समजूत घातली. "जाऊ दे. लाकूडच आहे ते. आई आपल्याबरोबर आहेत ना, बस्स!" आणि त्यांना धीर द्यायला म्हणून शाल हलकेच बाजूला केली.

शालीखाली दोन उशा आणि मिलिंदसाठी घेतलेल्या तंबूची पिशवी होती.

मिलिंदने कचकन ब्रेक दाबला. "चहाच्या वेळी आई काहीतरी म्हणाली होती," तो म्हणाला. "उशांवर धूळ नको म्हणून शाल घातलीय, जरा आत जाऊन कंबर टेकते, असं काहीसं. मी 'येस, येस, डेफिनेटली' म्हणालो."

"आईंना?"

"बहुतेक बॉसला."

चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, हा नियम घरात सगळ्यांना मीच मोठ्याने वाचून दाखवला होता! आम्ही गाडी तिथेच टाकून उताराने धावत सुटलो. माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते क्लेम फॉर्म नाचायला लागले. वळणावर एक आजोबा दात घासत उभे होते. मी धापा टाकत विचारलं, "काका, इथून एक घर गेलं का?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "घर कवा जातं गो?"

"लाकडाचं! चाकं आहेत!"

"आँ, ते! गेलं ना. मंडपान गेलं."

तेवढ्यात मलाही आवाज ऐकू आला. खालच्या मैदानात हळदीचा मांडव होता आणि डीजे जोरात चालू होता. झालं होतं असं की ट्रेलर सुटला आणि उताराने उलटा घरंगळत निघाला. ट्रेलरच्या तोंडाशी आधाराला एक छोटं चाक असतं. निघताना ते वर उचलून घ्यायचं असतं, आणि तेही मी विसरले होते! कडी विसरले म्हणून घर सुटलं आणि चाक विसरले म्हणून ते न उलटता, एखाद्या पाहुण्यासारखं सरळ कमानीतून आत शिरलं, जाता जाता झेंडूची माळ अंगावर घेतली आणि नवरदेवाच्या पाटाशेजारी पेंढ्याच्या ढिगाला अलगद टेकून थांबलं. कुणालाही साधं खरचटलं नाही. क्लेममध्ये कुणी असं लिहिलं असतं तर मी तो तिथल्या तिथे नाकारला असता!

मांडवातल्या मंडळींना वाटलं, नवरदेवाच्या मित्रांनी काहीतरी स्पेशल एंट्री ठेवली आहे. टाळ्या, शिट्ट्या! सगळे श्वास रोखून दाराकडे बघत राहिले. दार उघडलं, आणि आतून आमच्या आई उतरल्या.

आम्ही पोचलो तेव्हा त्या नवरदेवाच्या आजीशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. दोन्ही गालांना हळद, केसांत कुणीतरी माळलेला गजरा, हातात वड्यांची बशी.

"आई!" मिलिंद ओरडला. मी त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारून रडायलाच लागले.

"अगं, काय झालं? कुठे राहिला होतात तुम्ही?" आई म्हणाल्या. मग लेकाकडे कौतुकाने बघत, "मिलिंद, शेवटी शेवटी गाडी काय सुरेख चालवलीस रे! आधी नुसते हिसके. मग एकदम पाळण्यात निजल्यासारखं वाटलं."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी वड्यांकडे पाहिलं. शेवटी शेवटी गाडी कुणीच चालवत नव्हतं, हे सांगायची हिंमत दोघांतही नव्हती. (अजूनही नाही.)

नवरदेवाची आजी उठली. ट्रेलरभोवती सावकाश फिरली, छपराच्या बाकावरून तळहात फिरवला, बिजागरी हलवून पाहिली. "कोनी बांदलं ह्ये?"

"माझ्या सुनेनं," आई म्हणाल्या. माझ्याआधी! आणि कसं म्हणाल्या! "एकटीनं. सुतार नाही ठेवला."

"देवाचा रथ हाय गो," आजी म्हणाली आणि तिने लाकडाला हात जोडले.

तिचं बघून बाकीच्या बायका पुढे आल्या. कुणी लाकडाला हळदीचं बोट लावलं, कुणी आत वाकून "अगो बाय, गादी पन हाय!" म्हणाली. माझ्या हातांनी कापलेल्या फळ्या, पण त्या घटकेला त्या मलाच परक्या, कुठल्या तरी मोठ्या कारागिराच्या वाटल्या. एवढा उतार, एवढं वळण, आणि आतलं माणूस झोपेतून उठलंसुद्धा नाही!

आणि मग डीजे पुन्हा सुरू झाला. आजीने आमच्या आईंचा हात धरून ओढलं. "नको, नको," म्हणता म्हणता आई उठल्या, पदर खोचला आणि नाचल्या! आधी लाजत, मग मोकळ्या, मग अशा की मिलिंद तोंड उघडं टाकून बघतच राहिला. "मी हिला नाचताना कधीच बघितलेलं नाही," तो म्हणाला. आणि त्याने चष्मा काढून पुसला.

जेवणं होईपर्यंत आम्हाला कुणी सोडलं नाही. नदीकाठ राहिला नदीकाठी. "आज हितंच ऱ्हावा," आजीने फर्मान काढलं आणि आईंनी आमच्याकडे न बघता होकार देऊन टाकला. मिलिंदने ट्रेलरच्या चाकांना चारही बाजूंनी दगड लावले, मग त्या दगडांना दगड लावले.

दुपारी आई माझ्याजवळ आल्या. "दमलीस गं. जा, तू पड जरा तुझ्या घरात." 'तुझ्या घरात'! मला पुन्हा रडू फुटणार होतं. पार्किंगमध्ये मी मुद्दामच त्यात आडवी झाले नव्हते. पहिली झोप गावाबाहेर घ्यायची, असं मनाशी ठरवलं होतं. मी आत शिरले, दार ओढून घ्यायला हात लांबवला, पाय पसरले.

पाय दारातून बाहेर गेले.

घरात सगळ्यात उंच मी! सांगाडा मोजला होता, पार्किंग मोजलं होतं, सोसायटीचं गेट तर दोनदा मोजलं होतं. स्वतःला मोजायचं तेवढं राहून गेलं. पण गादी मऊ होती, वरचं लाकूड सुंदर होतं, आणि मी इतकी दमले होते की तशीच झोपले. उठले तेव्हा बाहेर राहिलेल्या माझ्या दोन्ही पायांना, येता-जाता कुणाकुणी, घोट्यापर्यंत हळद लावून ठेवली होती.