फीत न बांधलेले पाइन

ओकनाम आजीचा राग सगळ्यांवरच होता, आणि तो रास्तच होता. कोरियातल्या थेबेकच्या डोंगरातल्या तिच्या गावाभोवतीचं पाइनचं रान सरकारचं. पण कोरड्या वसंतात वणव्याची राखण करायची ती गावाने, आणि त्याबदल्यात शरदात सोंगी अळंबी काढायचा हक्क गावाचा. सोंगी उगवते ती जित्या पाइनच्या मुळांशी, आणि आपली जागा कुणी कुणाला सांगत नाही. ओकनामला तिच्या सासूने दोन जागा सांगितल्या त्या शेवटच्या घटका मोजताना, तेही मुलाला खोलीबाहेर घालवून. त्यांच्यावरच तिचा हिवाळा निघत असे.

त्या वर्षी वनखात्याने रान विरळ करायला घेतलं. दाटी कमी झाली की उरलेली झाडं पोसतात, वणवाही आवरतो. यात खोटं काही नव्हतं. प्यो नावाच्या साहेबाने गावाला पिवळ्या फिती वाटल्या आणि सांगितलं की सोंगीच्या झाडांना बांधा, ती आम्ही तोडणार नाही. इतकी वर्षं या डोंगरात नोकरी करून माणसाला एवढंही कळू नये? फीत बांधणं म्हणजे गावभर दवंडी पिटणंच की! मग गावानेही अक्कल पाजळली. शेजारच्या दोल्शिकने इतरांना चकवायला मुद्दाम वांझ झाडांना फिती बांधल्या. बाकीच्यांनीही तेच केलं. ओकनामने तर सगळ्या फिती पायवाटेवरच्या एका कुजक्या पाइनला गुंडाळल्या. करवती आल्या, वांझ झाडं राखली गेली आणि सोंगीची आडवी झाली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

सभेत साहेब म्हणाला, फीतच नव्हती तर आम्ही काय करणार? गाव त्याच्यावर तुटून पडलं, आणि सगळ्यात मोठा आवाज दोल्शिकचा. ओकनामच्या अंगाची लाहीलाही झाली.

“भावजी, पुरे करा आता. साहेबाला अक्कल नाही, कबूल. पण आपण काय दिवे लावले? माझी एक जागा मीच घालवली. पुढल्या साली उत्तरेचा उतार तोडणार आहेत. तिथल्या दुभंगल्या खडकाखाली माझी दुसरी जागा आहे. घ्या, सांगितली. आता तुम्ही बोला.”

दोल्शिक चटईकडे बघत राहिला. “वहिनी, माझं तिकडं काहीच नाही हो.”

बाकीच्यांनीही आपली जागा सांगितली नाही. साहेबाने त्या उतारावर खडकाखालची तेवढी झाडं राखली. दोल्शिकची गेली, इतरांचीही गेली.

पुढच्या शरदात ओकनाम खडकाखाली गेली. पाइन उभे होते, पण बुंध्यांभोवतीची माती उकरून टाकलेली होती. टोपीसुद्धा न उमललेली कोवळी सोंगी उपटून नेली होती. चोरही बियाण्यापुरतं ठेवतात, आणि हे तर तिच्याबरोबर जन्मभर वणव्याची राखण केलेले लोक!

तिने एकेकाचं नाव घेऊन मनसोक्त शिव्या घातल्या. मग गुडघे टेकून ती उघडी माती पाइनच्या पाल्याने झाकू लागली, कारण ती वाळली असती तर पुढच्या वर्षी कुणालाच काही मिळालं नसतं.