आईची चाकाची खुर्ची जंगलात जाते

"नागपूरच्या चारही बाजूंनी वाघ, अन् मले तो टीव्हीवर पाहा लागते! काहून वं?" आई म्हणाली. पाय गेल्यापासून तिची चाकाची खुर्ची दवाखान्यापलीकडे कधी गेलीच नव्हती. वनखात्याने खुर्चीसकट चढता येईल अशी सफारीची गाडी आणल्याचं कळलं आणि मी लगेच दोघींच्या जागा धरल्या.

रविवारी पहाटे उमरेड रोडने निघालो. रस्ता गुळगुळीत. वाटेत टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. सफारीला जाणार असाल तर तर्री बेताने घ्या, एवढंच सांगते.

जंगलाच्या फाटकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वनरक्षक पूजाताईंनी हसत स्वागत केलं, लोखंडी उतार लावून खुर्ची अलगद गाडीत चढवली, पट्टे आवळले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई माझ्या कानात म्हणाली, "मले जाऊन याचं हाय."

खुर्ची पुन्हा खाली. स्वच्छतागृह चकाचक होतं, पण उंच पायऱ्यांवर.

पूजाताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "काकू, हे आमच्या ध्यानातच नाही आलं."

"तुमच्या वाघाले लागत नसन, मले लागते. गाडी आणाच्या पहिले मले इचारलं असतं, तं सांगितलं असतं."

"उचलून नेऊ का, काकू?" ड्रायव्हर म्हणाला.

"मी काय गव्हाचं पोतं हाय?"

शेवटी दोघांनी गाडीचाच उतार सोडवून पायऱ्यांवर टेकवला. रांगेतल्या जिप्सींमधले पर्यटक दुर्बिणी लावून बघत होते. आईने त्यांना हात हलवला आणि थाटात आत गेली.

या भानगडीत आमची गाडी सगळ्यात शेवटी सुटली. वाघ दिसला नाही. पण एका वळणावर रानगवा उभा होता, काळाभोर, आमच्याकडे बघत. आईने माझा हात घट्ट धरला. मग पुटपुटली, "हा कळमन्यात उतरला, तं बाजार बंद पडन." डोळे भरलेले होते.

परतल्यावर पूजाताई खुर्चीजवळ उकिडव्या बसल्या. "अजून काय पाहिजे, काकू?" आईने सांगितलं: पाण्याचा नळ खाली घ्या, पाट्यांवरची अक्षरं मोठी करा, "अन् मायासारखे घरात बसून हायेत, त्याइले येऊन सांगा, का तुमीबी या."

काही आठवड्यांनी पूजाताईंचा फोन आला. पक्का उतार बांधून झाला होता, उद्घाटन आईच्या हस्ते. तिने संडासाची फीत कापली. फोटो सगळ्या नातेवाइकांना गेलाय.

मला वाटलं, हौस फिटली. पण उद्घाटनाहून परतून घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच आई म्हणाली, "नवेगावच्या तलावावर लय पक्षी येतेत म्हणे. तिथल्या साहेबाले फोन लाव. सांग, माई आई येऊन राहिली."