राणीची न्हाणी

बाई वीस वर्षं एका जुन्या राजवाड्याच्या पडक्या अवशेषांत गाइड होती. हंगाम सरला की बघायला येणारी माणसं आटायची, म्हणून यंदा तिथले साहेब दोन गाइडांपैकी एकच ठेवणार होते. पारख करायला ते आज स्वतः मागोमाग चालत होते. समोर दोन दिवसांच्या सहलीला आलेलं एकच म्हातारं जोडपं.

"ही राणीची न्हाणी," दगडी हौदापाशी तिनं रोजचं सांगितलं.

"अहो ताई, काल द्राक्षमळ्यात वाइन कशी करतात ते बघितलं," आजोबा म्हणाले. "तिथं अस्साच हौद होता, द्राक्षं तुडवायचा! राणी काय वाइननं अंघोळ करायची?"

"तुम्ही गप्प बसा हो!" आजींनी दटावलं.

बाईनं वाकून हौदात हात फिरवला. तळाला उतार होता, कडेला भोक होतं आणि बाहेर रस झेलायचा खड्डा. रोज बघूनही तिला तो कधी दिसलाच नव्हता.

"आजोबा बरोबर बोलतात," ती कशीबशी म्हणाली. "मीच चुकीचं सांगत आले."

साहेबांनी कोपऱ्यातल्या 'राणीची न्हाणी' पाटीकडे पाहिलं आणि मान खाजवली.

"ती पाटी मी लिहिलीय," ते हळूच म्हणाले. "उद्या मळ्यात जाऊन नीट विचारून या, बाई. मग आपण दोघं मिळून पाटी बदलू."