कॉलम माझ्या हातात होता

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मी पूर्वीही चिडायचे, आजही चिडते. पुण्याची एमएस्सी केमिस्ट्री. दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्यांना तोंडावर हसणारी बाई मी! त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण त्याहून जास्त राग खन्नासाहेबांचा येतो, म्हणून लिहितेय.

दिल्लीजवळ मानेसरला तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते. लग्नानंतर मी गुडगावला आले आणि खन्नासाहेबांच्या नव्या टेस्टिंग लॅबमध्ये लागले. लॅब कसली — एका शेडचा पहिला मजला. सिरप, टॉनिकं तपासून द्यायची. त्यासाठी साहेबांनी बंद पडलेल्या एका लॅबमधून जुनं गॅस क्रोमॅटोग्राफ उचललं. द्रवात काय काय मिसळलंय ते वेगळं करून दाखवणारं मशीन. प्रत्येक पदार्थाचा कागदावर ठरावीक मिनिटाला एक सुळका उमटतो.

"मॅडम, सब कम्पॅटिबल है," साहेब म्हणाले. डोंबल कम्पॅटिबल! मशीनचं कार्ड नव्या कॉम्प्युटरला बसेना, म्हणून दिल्लीच्या नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून जुना कॉम्प्युटर आणावा लागला. सर्व्हिस इंजिनिअर गुरमीतजींनी माझ्यासमोर त्याची हार्ड डिस्क पुसली आणि फ्लॉप्यांवरून सॉफ्टवेअर नव्याने टाकलं.

त्या दुपारी नमुना पुढे ढकलणाऱ्या गॅसचे सिलिंडर अजून आलेच नव्हते. कॉलम — ज्या बारीक नळीतून नमुना जातो तिचं वेटोळं — माझ्या हातात होता. गुरमीतजी फक्त कॉम्प्युटर मशीनला ओळखतोय का ते बघत होते. आणि प्रिंटर खरखरायला लागला...

सरळ रेघ. साडेतीन मिनिटांपाशी एक सुळका. पुन्हा सरळ रेघ. वर नमुन्याचा नंबर — टी-३१.

"मॅडम, ये कैसे?" गुरमीतजी माझ्या हातातल्या कॉलमकडेच बघत राहिले.

आमच्या कामाची एक शिस्त असते. जे घडलं ते मशीनच्या लॉगबुकात लिहायचं, कागद डकवायचा, आणि सही अर्धी कागदावर, अर्धी पानावर करायची. म्हणजे नंतर कागद बदलता येत नाही. मी इमानेइतबारे लिहिलं, 'गॅस नाही, कॉलम नाही, तरी सुळका.' दोघांनी सह्या केल्या. साहेब खो खो हसले. "लेडीज लोगों को वहम बहुत होता है!"

काही महिन्यांनी लॅब जोरात चालायला लागली, आणि एके दिवशी लहान मुलांचं एक टॉनिक तपासायला आलं. चालवलं — साडेतीन मिनिटांना सुळका. मिथेनॉल! डोळे जातात हो त्याने, जीव जातो. नुसतं शुद्ध पाणी चालवलं, रेघ सपाट. पुन्हा टॉनिक, पुन्हा सुळका. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. मी 'फेल' लिहिलं.

"मॅडम, अपनी सबसे बड़ी पार्टी है. पास कर दीजिए."

"नहीं होगा, सर."

साहेबांनी लॉगबुक आणून माझ्यापुढे आपटलं. "आपने खुद लिखा है, मशीन खाली हो तब भी यही देती है! मशीन खराब है. साइन कीजिए."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझी टिंगल करणारा माणूस आता माझंच लिहिलेलं माझ्या तोंडावर मारत होता! मी ते पान उघडलं, आणि त्या नंबराकडे लक्ष गेलं. मग शेजारी आमचं नमुन्यांचं रजिस्टर सरकवलं. आजच्या टॉनिकचा नंबर — टी-३१. टॉनिकला 'टी' लावायचं हे मी रजिस्टर सुरू करताना ठरवलं होतं, आणि त्या दुपारी रजिस्टरच नव्हतं.

साहेबांनी नखाने कागदाची कड उचकटून पाहिली. दोन्ही सह्या कागदावरून पानावर सलग गेलेल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "फेल ही भेज दो," म्हणाले आणि निघून गेले. सॉरी? छे!

मुलगी आता इंजिनिअर आहे. म्हणते, "आई, सॉफ्टवेअरचा बग असेल ना, यार." असेल बाई. पण जो नमुना आलाच नव्हता, त्याचा नंबर बगला कुणी सांगितला?

पण खरं सांगू? मला त्या कागदाची भीती कधीच वाटली नाही. संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मी दोनदा चालवून सिद्ध केलेला निकाल साहेबांना पुरला नाही. भूत मात्र लगेच पटलं!