बोटीचं नाक आणि काकांची जागा

आज मालाडला चप्पल घ्यायला निघालो आणि पोचलो मार्वेच्या किनाऱ्यावर. माझं नेहमीचंच.

तिथे माझा मित्र हेमंत घरच्या जुन्या मोटरबोटीला शिव्या घालत होता. वेग दिला की बोटीचं नाक इतकं वर जायचं की समोरचं काही दिसायचं नाही. सकाळी एका छोट्या होडीवर आदळता आदळता वाचला. "विकून टाकतो यार."

त्याचे बाबा धक्क्यावर जाळं सांधत होते. गुडघ्यांमुळे काका वर्षभर बोटीत चढलेले नाहीत. म्हणाले, "पुढे मी बसायचो ना रे? माझं वजन कुठे ठेवलंस?"

एकट्याला हाताशी हवं म्हणून हेमंतने नांगर आणि बर्फाची पेटी, दोन्ही मागे इंजिनाजवळ आणलं होतं.

आम्ही दोन्ही पुढे नेलं. काकांनी सांगितलं तशी, इंजिन किती तिरकं राहील ते ठरवणारी पिन एक भोक आत, बोटीच्या बाजूला घातली. चक्कर मारली, तर नाक खाली आणि समोर स्वच्छ पाणी!

"बाबा, तुमच्या जागी नांगर आणि पेटी, दोन्ही लागलं."

"पण ती ओरडतील का तुला, समोर बघ म्हणून?"

बोट विकायची नाही, असं ठरलं. वर्षभरात दोन मेकॅनिक झाले, काकांना विचारायचं मात्र राहिलं होतं. तुमच्या घरात कोणाला विचारायचं राहिलंय?