कोरं पातं

आमच्या शहाडच्या सलूनवाल्याची एक सवय. दाढीला कोणी बसलं की नवं पातं त्याच्या डोळ्यांसमोर मोडून वस्तऱ्यात घालायचं आणि म्हणायचं, "बघून घ्या, कोरं आहे." मी म्हणायचो, "अरे, वीस वर्षं बघतोय, आंधळा समजतोस काय मला?"

मध्यंतरी वापरलेलं पातं काढताना त्याचा अंगठा कापला. घाबरून एचआयव्हीची तपासणी करून आला. रिपोर्टात हो पण नाही, नाही पण नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धोका फार कमी आहे. असा रिपोर्ट येतो कधी कधी. महिन्याने पुन्हा तपासू." ह्याने एवढंच धरलं, की बाई 'नाही' म्हणाल्या नाहीत.

दाढ्या बंद केल्या. लेकीला जवळ घेईना. तपासणीची तारीखही गेली. मी चौथी शिकलेला, पण जवळ घेतल्याने हे लागत नाही, एवढं मलाही कळतं. म्हटलं, "चल, मी येतो संगती."

"आणि हो निघालं तर, काका?" तो म्हणाला.

काल हट्टाने खुर्चीत बसलो. त्याने ब्रशने साबण लावला, पातं मोडलं, "कोरं आहे" म्हणाला, आणि वस्तरा माझ्याच हातात दिला. मी आरशात बघून दाढी केली. तो टॉवेल घेऊन दाराशी उभा होता. गालावर रक्त आलं, तरी पुसायला पुढे आला नाही.