लेकीची तहान

माझी लेक सव्वा वर्षाची असताना आत्याला पहिल्यांदा मुंग्या दिसल्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण, आणि माझी सासूही. परभणीकडच्या आमच्या गावात मामाची मुलगी करून घेणं चांगलं समजतात. पोर परक्या घरी पडत नाही. नवरा मांजरी गावाजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, म्हणून आम्ही तिथल्या एका नव्या सोसायटीत राहत होतो. लेकीचे ओले लंगोट बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवले की धुवायला घेईपर्यंत त्यांना मुंग्या लागलेल्या असायच्या.

"पोरीच्या लघवीत साखर हाय," आत्या म्हणाली. "तुझ्या आजोबांचं असंच व्हायचं."

हडपसरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर अगदी बरोबर निघाली. लघवीत मात्र भरपूर होती. त्यांनी दोन्ही पुन्हा तपासायला लावलं आणि पुन्हा तेच आलं. "मधुमेह तर नाही," ते म्हणाले, पण मग काय आहे ते त्यांना सांगता येईना.

लेकीला सारखी तहान लागायची. हातातला पेला संपला की अंघोळीच्या मगातलं पाणी प्यायची, ओलं फडकं सापडलं तर तेही चोखायची. दुधाला तोंड लावत नसे. शिऱ्याचा घास थुंकायची आणि लोणच्याचा खार मात्र चाटत बसायची. उभी राहू लागली तशी पायांना बाक दिसायला लागला. मुडदूस म्हणून ड जीवनसत्त्वाचं औषध सुरू झालं. आत्या रोज सकाळी तिला गच्चीवर उन्हात घेऊन बसायची. पाय काही सरळ झाले नाहीत. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पाणी कमी करा, लघवी आपोआप कमी होईल." आत्याने ते ऐकून घेतलं आणि त्या गेल्यावर मला म्हणाली, "तहानलेल्या लेकराला पाणी नाही म्हणायचं? माझ्याच्यानं व्हायचं नाही." त्या हट्टाने लेक वाचली, हे आम्हाला नंतर कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिला उलट्या सुरू झाल्या आणि एका दुपारी ती माझ्या खांद्यावर मान टाकून गळून पडली. आम्ही तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. सलाइन लागलं, ती डोळे उघडून बघायला लागली. तिथल्या मुलांच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टर पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या होत्या. सगळे कागद उलटून पाहिल्यावर त्यांनी मला विचारलं, "खारट आवडतं का हिला?"

"लोणचं लागतं. नुसतं मीठसुद्धा खाते."

"तुम्ही दोघं लग्नाआधीपासून नात्यातले?"

"हो. आत्याच्या मुलाशी लग्न झालंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि लेकीला डोळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यावर प्रकाशाची बारीक पट्टी टाकली आणि मलाही यंत्रातून बघू दिलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात काचेच्या चुऱ्यासारखे कण चमकत होते. लेक उजेडाकडे का बघत नाही ते मला तेव्हा समजलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

"मूत्रपिंड नको ते तेवढं बाहेर टाकतं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ते रक्तातलं पाणी आणि त्यात विरघळलेलं बरंच काही आधी गाळून बारीक नळ्यांमध्ये सोडतं. साखर, मीठ, हाडांना लागणारं फॉस्फेट, सगळं. मग नळीच्या पहिल्या भागातल्या पेशी हवं ते उचलून परत रक्तात देतात. साखर तर सगळीच्या सगळी. हिच्या त्या पेशी उचलायचंच विसरल्यात. म्हणून साखर जाते, हाडांचं जातं, मीठ जातं, आणि त्याच्यामागे पाणी जातं."

"का विसरल्या?" नवऱ्याने विचारलं.

"सिस्टीन नावाचं एक द्रव्य प्रत्येक पेशीत तयार होतं. ते जिथे तयार होतं तिथून बाहेर निघायची वाट हिच्या पेशींना जन्मापासून नाही. ते साचून त्याचे खडे होतात. मूत्रपिंडाच्या त्या पेशींना काम फार, म्हणून त्या सगळ्यात आधी थकतात. बाकीच्या सावकाश."

"मग हे आलं कुठून?" आत्याने विचारलं.

डॉक्टरांनी जमेल तेवढ्या हळुवारपणे सांगितलं. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन दोष एकत्र आले तरच हा आजार होतो. एकच असला तर माणूस धडधाकट राहतो, त्याला कधी कळतही नाही.

"म्हणजे माझ्या भावात हाय आणि माझ्यात बी हाय," आत्या म्हणाली. "अन् ह्या लग्नाचा हट्ट माझाच होता."

"आजी, हे कुणालाच माहीत नसतं."

"खरं हाय," आत्या म्हणाली. पण नंतर कितीतरी दिवस तिने माझ्या वडिलांचा फोन घेतला नाही.

औषधं सुरू झाली. क्षारांचं पातळ औषध, फॉस्फेट, डोळ्यांत थेंब, आणि सिस्टीन कमी करणारं एक औषध. ते परदेशातून मागवावं लागायचं, कधी वेळेवर यायचं, कधी नाही. त्याने अंगाला आणि श्वासाला नासक्या अंड्यासारखा वास येतो. बालवाडीत तिच्या शेजारी कुणी बसेना. पहिलीत गेल्यावर तिने बाईंना विचारून वर्गापुढे उभं राहून सांगितलं, "हा वास माझ्या औषधाचा आहे. मी अंघोळ करून येते." बाईंनीच मला हे सांगितलं. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचं आणि दिराचं लग्न घरात जवळजवळ ठरलं होतं. दोघांना एकमेकांची ओढ होती. आत्या एकटी गावी गेली आणि भावाच्या अंगणात बसून म्हणाली, "आधी दोघांचं रक्त तपासा. मग साखरपुड्याचं बोला." तपासणीत दोघांमध्येही तो दोष निघाला. बहीण आमच्याकडे आली आणि दिवसभर माझ्या खोलीत पडून राहिली. आत्याने तिच्या उशाशी बसून तिला भरवलं. पुढे तिला नांदेडचं स्थळ आलं. तिची मुलं निरोगी आहेत. दीर अजून एकटाच आहे.

लेक सातवीत गेली तेव्हा तिची मूत्रपिंडं पार थकली. आधी आत्याने स्वतःचं देऊ केलं, पण रक्तदाबामुळे डॉक्टर नाही म्हणाले. मग मी माझं दिलं. माझ्यात एकच दोष असल्यामुळे माझ्या मूत्रपिंडाला हा आजार होत नाही, ते तिच्या पोटातही नीट काम करतं. बाकीच्या शरीरात मात्र साचणं चालूच राहणार, म्हणून थेंब आणि ते वासाचं औषध जन्मभर आहे. तिची उंची दुसरी-तिसरीतल्या मुलीएवढीच राहिली आहे.

ऑपरेशननंतर मला चालता येऊ लागलं तेव्हा नवऱ्याने मला तिच्या खोलीच्या काचेपाशी नेलं. आत जायची परवानगी नव्हती. तिने आतून फोन लावला.

"आई, तू डावं दिलंस ना?"

"हो."

"मला उजवीकडे बसवलंय."

"मग त्या कुशीवर झोपू नकोस इतक्यात."

"सांगितलंय मला डॉक्टरांनी," ती म्हणाली. "आजी जेवली का?"

मी मागे वळून पाहिलं. आत्या बाकावर बसून डब्याचं झाकण उघडत होती.

"जेवतीये," मी म्हणाले.